इंजेक्शनच्या आधी ताट बघू

पत्र :
डॉक्टर, मी २९ वर्षांचा आहे. चार वर्षांपासून धावतो. गेल्या वर्षी मॅरेथॉन ३ तास १२ मिनिटांत पूर्ण केली आणि आता तीन तासांच्या आत यायचंच, असं ठरवलं. वजन उतरलं की वेग वाढतो म्हणून आठ महिन्यांत ६३ किलोवरून ५६ वर आलो. उंची १७३ सेंटीमीटर. सुरुवातीला खरंच वेग वाढला. मग पाच महिन्यांपूर्वी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. सात आठवडे विश्रांती घेतली. आता पुन्हा आठवड्याला ११० किलोमीटर धावतोय, पण पाय लाकडासारखे जड होतात. रात्री तीनला जाग येते. सतत थंडी वाजते. सांगायला लाज वाटते, पण गेले काही महिने सकाळी ताठरता येत नाही आणि पत्नीजवळ जावंसंच वाटत नाही. तिला वाटतं, माझं मन तिच्यावरून उडालंय. पुढच्या वर्षी मूल व्हावं अशी आमची इच्छा आहे. परवा ऑफिसातून येताना टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं, २३८ आलं. जिममधला मित्र म्हणतो, दोन-तीन महिने त्याचीच इंजेक्शनं घे, सगळं ठीक होईल. घेऊ का? की माझ्यातच काही कायमचा दोष आहे? डायरीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर :
इंजेक्शन घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं उत्तर वाचेपर्यंत मित्राने कुठून तरी कुपी आणूनही ठेवली असेल. आणि तुमच्यात कायमचा दोष आहे, असं मला तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून वाटत नाही.

लाज वाटत असतानाही तुम्ही ते वाक्य लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. माझ्याकडे येणारे धावपटू, सायकलपटू, कुस्तीगीर गुडघा दाखवतात, खांदा दाखवतात, रिपोर्टची फाईल पुढे करतात. ही गोष्ट सांगत नाहीत. निघताना दाराशी पोचले की थबकतात आणि म्हणतात, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." पुष्कळदा सगळा उलगडा त्या 'अजून एक'मध्येच असतो. सकाळची ताठरता हे पुरुषाच्या शरीराचं रोजचं, फुकटचं तपासणीपत्र आहे. ती अधूनमधून न येणं काही विशेष नाही. पण विशी-तिशीतल्या, भरपूर व्यायाम करणाऱ्या माणसात ती महिनोन् महिने गायब असेल, तर शरीर काहीतरी सांगतंय. ते ऐकून घ्यायला हवं.

तुमच्या डायरीची पानं मी बराच वेळ पाहत बसलो होतो. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, अंतर, किलोमीटरमागची वेळ, सकाळची नाडी, दिवसभरात खाल्लेल्या कॅलरी आणि शेवटी लाल शाईत वजन, एक दशांशापर्यंत. ५६.१. मग ५६.३, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह. त्याच ओळीत बारीक अक्षरात 'रात्री अर्धंच' असं लिहिलंय. दोनशे ग्रॅमसाठी रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडलंत. ते तर नुसतं प्यायलेलं पाणीसुद्धा असू शकतं. पहिल्या पानावर सकाळची नाडी ५२ आहे, दुसऱ्यावर ३९, आणि त्या ३९ भोवती तुम्ही गोल केलाय. तुम्हाला त्यात तंदुरुस्ती दिसली असणार. सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्यांची नाडी मंद असते, हे खरं. पण वेग घसरतोय, पाय जड झालेत, थंडी वाजतेय आणि नाडीही खाली चाललीय, असं सगळं एकदम घडतं तेव्हा त्या आकड्याचा अर्थ बदलतो. मला त्या वर्तुळात उपासमार दिसली.

शब्द कठोर आहे, पण तुमच्याच आकड्यांवरून हिशोब मांडून बघू. डायरीप्रमाणे तुम्ही सरासरी २,२०० कॅलरी खाता. आठवड्याला ११० किलोमीटर म्हणजे रोजचे साधारण १६. धावताना किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे ढोबळमानाने एक कॅलरी जळते, म्हणजे तुमच्या वजनाला रोजच्या सुमारे ९०० कॅलरी धावण्यातच जातात. उरल्या १,३००. हृदय, मेंदू, यकृत, हाडांची डागडुजी, शरीराची ऊब, संप्रेरकं, ऑफिसातला दिवस, हे सगळं तेवढ्यात भागवायचं. तुमच्या अंगावर चरबी ८ टक्के धरली, तर ती वगळून वजन उरतं साडेएक्कावन्न किलो. म्हणजे त्यातल्या दर किलोच्या वाट्याला जेमतेम २५ कॅलरी येतात. निरोगी तरुण खेळाडूला इथे ४० ते ४५ असाव्यात. स्त्रियांवरच्या प्रयोगांत ३०च्या खाली काही दिवसांतच संप्रेरकांची लय बिघडलेली दिसली. पुरुषाचं शरीर त्याहून थोडा जास्त ताण सोसतं, पण आठ महिने नाही. तुमचा खड्डा रोजचा आठशे ते हजार कॅलरींचा आहे.

तुमचा बॉडी मास इंडेक्स काढला तर तो १८.७ येतो, १८.५च्या वर, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. आरोग्य तपासणीच्या शिबिरात तुम्हाला शाबासकीसुद्धा मिळेल. म्हणूनच पुरुष खेळाडूंमधली ही गोष्ट वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. स्त्री खेळाडूची पाळी बंद झाली तर निदान एक ठळक खूण तरी असते. पुरुषाच्या बाबतीत तशी खूण एकच, ती बंद दाराआडची, आणि तिच्याबद्दल तो बोलत नाही. खेळाच्या वैद्यकशास्त्रातही बरीच वर्षं हा प्रश्न फक्त बायकांचा समजला जात होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने त्याला 'रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट' असं नाव दिलं आणि त्यात पुरुषही येतात हे स्पष्ट केलं. २०२३ मध्ये त्यांनी हे निवेदन पुन्हा सुधारून काढलं. मराठीत साधं सांगायचं तर, खेळासाठी लागतं तेवढं न खाल्ल्याने अख्ख्या शरीराची होणारी ओढाताण.

खरं तर पुरुषांवरचा पुरावा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र न उचलण्याची भूमिका घेतलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,६०० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. उपाशी म्हणावं असं नाही, दोन वेळचं जेवण होतं. त्यांचं जवळपास पाव वजन उतरलं. पण वजनाच्या आकड्यापेक्षा बाकीचं ऐका. नाडी मंदावली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. चिडचिड, उदासी, कशातच लक्ष नाही. डोक्यात सतत खाण्याचे विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आणि कामेच्छा जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांच्या मैत्रिणी होत्या त्यांनाही भेटीगाठींत रस उरला नाही. तुमचं पत्र वाचताना मला ते तरुण आठवत होते. त्यांच्यात कोणताही दोष नव्हता. ताटात कमी होतं, एवढंच.

आत काय होतं तेही समजून घ्या, म्हणजे इंजेक्शनाला मी इतक्या तातडीने नाही का म्हणालो ते कळेल. वृषणांमध्ये टेस्टोस्टेरॉन बनतं, पण ते बनवण्याचा हुकूम मेंदूतून येतो. हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, ती एलएच नावाचं संप्रेरक सोडते आणि ते वृषणांना कामाला लावतं. हायपोथॅलॅमसला शरीरातल्या साठ्याची खबर असते. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन घटलं की त्याला कळतं, घरात चणचण आहे. मग तो खर्चाला कात्री लावतो. जगायला ज्याची आज गरज नाही ते आधी बंद: प्रजनन, हाडांची नवी बांधणी, शरीराची जादा ऊब. थायरॉइडचं टी-३ उतरतं, म्हणून थंडी. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल चढतं, आणि पोटात काही नसतं, म्हणून पहाटे तीनला टक्क जाग. हाडांचं म्हणाल तर पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडं राखण्याचं बरंचसं काम ते इस्ट्रोजेन करतं. टेस्टोस्टेरॉन आटलं की तेही आटतं. तुमच्या नडगीचा तडा आणि शेजघरातला दुरावा ही दोन दुखणी नाहीत.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. मग तो उरलासुरला हुकूमही थांबवतो. एलएच आणि शुक्राणू बनवायला लागणारं त्याच्या जोडीचं एफएसएच, दोन्ही जवळजवळ शून्यावर जातात, वृषणं आकसतात आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. हे इतकं खात्रीने घडतं की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच औषधाचा प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, तर निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. तुम्हाला पुढच्या वर्षी मूल हवंय, आणि मित्र तुम्हाला गर्भनिरोधक सुचवतोय. त्याला बिचाऱ्याला हे माहीत नसेल. इंजेक्शन थांबवल्यावर गाडी बहुतेकांची रुळावर येते, पण सहा महिने, वर्ष, कोणाला त्याहून जास्त लागतं, आणि मधल्या काळात स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आजच्याहूनही खाली असतं. रक्त दाट होण्याचा धोका आहे तो वेगळाच. आणि मूळ खड्डा जिथल्या तिथे राहतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ती ही गत.

शिवाय तुम्ही स्पर्धेत उतरता. टेस्टोस्टेरॉन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीवर आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. जिममध्ये त्याच्या जोडीला सुचवलं जाणारं क्लोमिफीन आणि एचसीजीदेखील पुरुष खेळाडूंना बंद आहे. वैद्यकीय सूट मिळते ती वृषणं किंवा पियुषिका ग्रंथी मुळातच आजारी असतील तेव्हा. कमी खाऊन जास्त धावल्याने टेस्टोस्टेरॉन उतरलं, या कारणासाठी नाही. आणि हौशी आहे, मला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, असाच नियम आहे. 'बूस्टर' म्हणून मिळणाऱ्या पावडरी-गोळ्यांनाही हेच लागू. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं दरवेळी एकच असतं असं नाही.

अमेरिकेचा रायन हॉल २०११ मध्ये बॉस्टनला २ तास ४ मिनिटं ५८ सेकंदांत मॅरेथॉन धावला होता. जानेवारी २०१६ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली आणि कारणही उघडपणे सांगितलं: न संपणारा थकवा आणि सतत कमी राहणारं टेस्टोस्टेरॉन. इतक्या मोठ्या धावपटूला जे जगासमोर बोलता आलं, ते तुम्हाला तुमच्या डॉक्टरांसमोर बोलायला काहीच हरकत नाही.

तपासणीकडे येतो. तुमचा २३८ हा आकडा मी तूर्त बाजूला ठेवतोय. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. तरुणांत हा उतार चांगलाच मोठा असतो. डायरीत पाहिलं तर आदल्या दिवशी तुम्ही ३० किलोमीटर धावला होतात, त्यानेही ते तात्पुरतं खाली येतं. चाचणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आदले दोन दिवस जोराचा व्यायाम न करता, रात्री धड झोपून द्यायची. आणि एकदा नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. दोन्ही वेळा डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर ते कमी म्हणायचं. सोबत एलएच आणि एफएसएच हवंच, त्याशिवाय नुसता टेस्टोस्टेरॉनचा आकडा मुका आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, तर मेंदू ओरडतोय आणि वृषणं ऐकत नाहीत; ती वेगळी वाट. दोन्ही कमी, तर हुकूमच सुटत नाही, आणि तुमच्या बाबतीत मला हेच निघेल असं वाटतं. तरी प्रोलॅक्टिन हे पियुषिकेचंच आणखी एक संप्रेरक बघून घ्या. ते बरंच वाढलेलं असेल, सोबत डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल, तर पियुषिकेचा एमआरआय लागतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व हेही त्याच रक्तात होऊन जाईल. नाडी ३९ आहे म्हणून एक ईसीजी. आणि हाड आधीच एकदा तडकलंय, तेव्हा कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी करून हाडांची घनता पाहा. तुमच्या वयात त्या रिपोर्टवरचा टी-स्कोअर नाही, झेड-स्कोअर, म्हणजे तुमच्याच वयाच्या माणसांशी केलेली तुलना, वाचायचा असतो.

ही सगळी कागदपत्रं घेऊन खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा संप्रेरकतज्ज्ञाकडे जा. तिथे 'थकवा येतो' एवढंच सांगून परत येऊ नका. मला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा.

पण रिपोर्टांची वाट पाहत बसू नका. खाणं आजपासून वाढवा. आजच्या ताटात रोजच्या ३०० ते ५०० कॅलरी घाला, दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढ्याच, म्हणजे महिन्याभरात आपण तीन हजारांच्या आसपास पोचू. मिनेसोटाच्या त्या तरुणांचं पुढे काय झालं, ते इथे सांगण्यासारखं आहे. त्यांना परत उभं करताना काहींना जादा जीवनसत्त्वं दिली, काहींना जादा प्रथिनं. कॅलरीच पुरेशा नव्हत्या तोवर त्यांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. भरपूर खायला मिळालं तेव्हाच ते सावरले. प्रोटीन पावडरचे डबे आणि गोळ्यांच्या पाकिटांवर खर्च करण्याआधी हे लक्षात असू द्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यातही पिष्टमय पदार्थांना तुम्ही जी भीती धरलीय ती आधी काढून टाका. तुमच्या डायरीत रात्रीच्या जेवणापुढे 'कार्ब्ज शून्य' असं चार वेळा आलंय, एकदा तर अधोरेखित करून. लांब पल्ल्याच्या धावपटूला शरीराच्या दर किलोमागे रोज ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात, तयारी जोरात असेल तर त्याहून जास्त. तुम्ही त्याच्या निम्म्यावर आहात. सकाळी उपाशी धावणं बंद. निघण्याआधी काहीतरी पोटात टाका, परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट खा, आणि दिवसात कधीही चार-पाच तासांची पोकळी राहू देऊ नका. संध्याकाळी एकदम भरपाई केली की दिवसाचा जमाखर्च जुळतो, पण मधले तास शरीराने उपाशीच काढलेले असतात आणि ते त्याची नोंद ठेवतं.

धावणं आत्तापुरतं निम्म्यावर आणा. सात आठवड्यांच्या विश्रांतीनंतर तुम्ही दीड महिन्यात परत ११० वर गेलात, ते हाडाला झेपणारं नव्हतं. पुढचे तीन महिने आठवड्याला ५० च्या आसपास, सगळं बोलता येईल अशा वेगात, एक दिवस पूर्ण सुट्टी. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, हळूहळू भार वाढवत. हाडाला आणि स्नायूला दोघांनाही ते हवं असतं. तीन तासांचं स्वप्न मी तुमच्याकडून काढून घेत नाहीये. या वर्षीची शर्यत मात्र सोडा. माझ्याकडे आलेल्या ज्या मुलांनी असं एक वर्ष सोडलं, त्यांतले बरेचसे नंतर जास्त वेगाने धावले, दोन-तीन किलो जास्त वजनाने.

वजन वाढेल. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दीड-दोन किलो एकदम वाढलेलं दिसेल आणि तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांच्या इंधनाचा, साठा भरू लागला की दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. ती चरबी नाही. तिसाव्या किलोमीटरला कामी येणारी शिदोरी आहे. पायांचा तो लाकडासारखा जडपणा बहुधा इथेच कमी व्हायला लागेल.

हे वजनाचं वेड तुमच्या एकट्याचं नाही. मी कॉलेजात असताना आमचे एक प्रशिक्षक दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. शुक्रवारपासून आम्ही जेवणं टाळायचो. माझी नडगी दोन वर्षांत दोनदा तडकली आणि दोन्ही वेळा मला बुटांबद्दल विचारलं गेलं, धावण्याच्या पद्धतीबद्दल विचारलं गेलं. तू काय खातोस, हे कोणीही विचारलं नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीला जेमतेम महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या खटाटोपात दगावले, तेव्हा कुठे तिथले वजनाचे नियम बदलले. स्की जंपिंगमध्ये फार किरकोळ वजनाच्या खेळाडूंना आखूड स्की वापरायला लावण्याचा नियम करावा लागला. आकडा खाली गेला की शाबासकी, हे वातावरणच असं आहे की त्यात शहाणी माणसंही वाहवत जातात. तुम्ही मूर्खपणा केलात असं मी अजिबात म्हणत नाही. पण खाणं वाढवायचं ठरवूनही हात आखडत असेल, घास मोजल्याशिवाय गिळवत नसेल, एखादा दिवस जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त धावून ते फेडावंसं वाटत असेल, तर आहारतज्ज्ञासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडेही जायचं. खाण्याचे मानसिक आजार पुरुषांना होतात आणि उपचारांनी बरे होतात. जगणंच नको असं कधी मनात आलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

पत्नीशी आज बोला. हे पुढे ढकलू नका, कारण इथे रोज नुकसान होतंय आणि ते कोणत्याही रिपोर्टात येणार नाही. ती रात्री कूस बदलते तेव्हा तिच्या मनात काय चालत असेल, याचा विचार करा. फार जुळवाजुळव लागत नाही. "माझं मन तुझ्यावरून उडालेलं नाही. माझं शरीर उपाशी आहे आणि ते मलाच कळलं नव्हतं," एवढं म्हणा आणि हे उत्तर तिच्या हातात द्या. डॉक्टरांकडे दोघं मिळून जा. बरं होईपर्यंत जवळ येण्याची परीक्षा घेऊ नका. नुसतं शेजारी झोपा, हात हातात घ्या. जमतंय का हे तपासायला गेलात की भीती आड येते, आणि मग आज नसलेली अडचण उद्या उभी राहते. मुलाचं म्हणाल तर शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. आज ताट भरलं तर त्याचा फायदा वीर्यतपासणीत तीनेक महिन्यांनी दिसेल. तुमच्या बेताला अजून वेळ आहे.

झोप आणि मनःस्थिती आधी सुधारतात, काही आठवड्यांत. इच्छा परतायला दोन-चार महिने धरा. टेस्टोस्टेरॉनचा आकडा त्याच्या मागून येईल. हाडं सर्वांत सावकाश, त्यांना वर्षाहून अधिक लागेल. मधल्या काळात जांघेत खोलवर दुखायला लागलं किंवा त्या पायावर उडी मारताना कळ आली, तर त्याच दिवशी धावणं थांबवून एमआरआय करा. खुब्याच्या हाडाच्या मानेतला तडा दुर्लक्षित राहिला तर हाड पूर्ण मोडतं आणि शस्त्रक्रियेवर जातं. नडगीच्या पुढच्या कडेला नेमक्या एका जागी दुखलं तरी तसंच. तो तडा सहज भरत नाही. धावताना चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दुखलं, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून तडक हृदयतज्ज्ञाकडे जायचं.

एक काम डायरीचं. ती बंद करू नका, मला ती आवडली. फक्त उद्यापासून शेवटच्या रकान्याचं शीर्षक खोडा आणि वजनकाटा तीन महिन्यांसाठी पत्नीकडे देऊन टाका. लाल शाईच्या त्या रकान्यात आता लिहा: रात्री किती वाजता जाग आली, आणि सकाळी ताठरता होती की नाही. नुसती बरोबरची खूण किंवा फुली पुरे. सहा आठवड्यांनी, दुसऱ्या रक्तचाचणीचा रिपोर्ट आला की, तेव्हाच्या पानाचा फोटो मला पाठवा.